पेशींच्या दुनियेतल्या कमलताई
(तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन)

शास्त्रज्ञ म्हटलं की आपल्याला कोण आठवतं? न्यूटन, आइनस्टाइन, आपले भाभा, कलाम सर. मराठी शास्त्रज्ञ म्हटलं तर नारळीकर, माशेलकर, काकोडकर. आणि मराठी स्त्री-शास्त्रज्ञ? इथे मात्र आपली गाडी आसनगावच्या आधी सिग्नल न मिळालेल्या लोकलसारखी जागच्या जागी उभी राहते! माझी तर राहिलीच होती. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, तिथे मेरी क्युरी पाठ होत्या, पण कमल रणदिवे हे नाव मी पहिल्यांदा पाहिलं ते ८ नोव्हेंबर २०२१ ला, गुगलच्या पानावर. सूक्ष्मदर्शकात डोकावणारी एक बाई. त्या दिवशी त्यांची १०४ वी जयंती होती. मी तेव्हा चित्र बघून पुढे गेले. मागच्या सेमिस्टरला बायोमेडिकलच्या सेमिनारसाठी विषय शोधताना हे नाव परत समोर आलं आणि यावेळी मात्र थांबले, कारण त्यांच्या आयुष्याचा एक धागा थेट आपल्या शहापूर-मुरबाडच्या डोंगरापर्यंत येऊन पोचतो.

कमलताईंचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ चा, पुण्याचा. माहेरचं आडनाव समर्थ. वडील फर्ग्युसन कॉलेजमध्ये जीवशास्त्र शिकवायचे, आणि घरातल्या सगळ्या मुलांनी शिकलंच पाहिजे, मुलींनी तर जास्तच, असा त्यांचा खाक्या होता. मुलगी हुजूरपागेत गेली, मग फर्ग्युसनला. वडिलांच्या मनात होतं की मुलीने डॉक्टर व्हावं आणि शक्यतो डॉक्टरशीच लग्न करावं. (आपल्याकडे आजही बारावीनंतर घराघरात हीच चर्चा असते, फक्त सीईटी की नीट एवढाच फरक!) पण कमलताईंनी दोन्ही गोष्टी केल्या नाहीत. वनस्पतीशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेतलं, पुण्याच्या ॲग्रीकल्चर कॉलेजमधून १९४३ मध्ये एम.एस्सी. केलं, आणि लग्न केलं ते १९३९ मध्ये जे. टी. रणदिवे या गणितज्ञाशी. एम.एस्सी.चा विषय काय, तर सीताफळाच्या कुळातल्या झाडांची गुणसूत्रं! पुढे ज्या बाईंचं नाव कॅन्सर आणि कुष्ठरोगाच्या संशोधनात घेतलं जाणार होतं, त्यांची सुरुवात सीताफळ-रामफळापासून झाली हे मला फार आवडलं. नवऱ्याने गणितातली मदत केली, अभ्यासाला पाठिंबा दिला. १९३९ साली लग्न झालेल्या बाईने १९४३ ला एम.एस्सी. व्हावं, म्हणजे घरात कोणीतरी तिच्या बाजूने उभं होतं हे उघड आहे.

लग्नानंतर त्या मुंबईत आल्या आणि परळच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये काम करू लागल्या. हे हॉस्पिटल १९४१ मध्ये सुरू झालेलं, म्हणजे अगदी नवं. तिथे त्यांना गुरू मिळाले डॉ. वसंत रामजी खानोलकर. भारतातल्या पॅथॉलॉजीचे ते जनकच मानले जातात. त्यांच्या हाताखाली कमलताईंनी १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. मग खानोलकरांनीच त्यांना परदेशात फेलोशिपसाठी जायला सांगितलं आणि त्या पोचल्या अमेरिकेत, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये, जॉर्ज गाय यांच्या लॅबमध्ये.

आता हे गाय कोण? आपल्यासारख्या इंजिनिअरिंगच्या पोरांना हा माणूस आवडेल असा. भंगारातून वस्तू आणून लॅबची यंत्रं बनवणारा! शरीराबाहेर काढलेल्या पेशी काचेच्या नळीत जिवंत ठेवायच्या, वाढवायच्या, याला टिश्यू कल्चर म्हणतात. त्यासाठी गाय यांनी एक संथपणे फिरणारा ड्रम बनवला होता. त्यात नळ्या बसवायच्या, म्हणजे पेशींना आलटूनपालटून पोषक द्रव आणि हवा मिळत राहते, जशी शरीरात मिळते. याच लॅबमध्ये १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स नावाच्या एका कृष्णवर्णीय बाईच्या कॅन्सरच्या गाठीतल्या पेशी वाढवल्या गेल्या. त्याच आज जगभर वापरल्या जाणाऱ्या 'हेला' पेशी. त्या बाईला किंवा तिच्या घरच्यांना कोणी विचारलंही नव्हतं, हेही इथे लिहिलंच पाहिजे.

पेशी बाहेर जगवणं हे दिसतं तितकं सोपं नाही. तापमान ३७ अंश पाहिजे. पोषक द्रवात मीठ, साखर, अमिनो ॲसिड, रक्तातला सिरम सगळं मापात पाहिजे. एक साधा बुरशीचा कण आत गेला की सगळी मेहनत पाण्यात. पावसाळ्यात आपल्या हॉस्टेलच्या भिंतींवर, चामड्याच्या चपलांवर जी बुरशी येते ती आठवा, आणि मग १९५० च्या दशकातल्या मुंबईत, त्या दमट हवेत, हे काम कसं केलं असेल त्याचा विचार करा. कमलताईंनी ते केलं. परत येऊन त्यांनी इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये देशातली पहिली टिश्यू कल्चर लॅब उभी केली. हे केंद्र १९५२ मध्ये सुरू झालं होतं. तिकडेच थांबायचा विचार त्यांनी केला नाही, उलट पुढे परदेशात असलेल्या आपल्या लोकांना परत यायला लावलं.

त्यांचा मुख्य विषय स्तनांचा कॅन्सर. उंदरांच्या काही जातींमध्ये हा कॅन्सर आईच्या दुधातून पिल्लांकडे जाणाऱ्या एका विषाणूमुळे होतो. पण नुसता विषाणू पुरत नाही, हार्मोन्सचाही हात असतो. वारसा, विषाणू आणि हार्मोन्स यांचं एकमेकांशी नातं काय, हे कमलताईंनी उंदरांवर अभ्यासलं. त्या केंद्राच्या संचालकपदावर त्या १९६६ ते १९७० होत्या. कॅन्सर आणि कुष्ठरोग मिळून त्यांचे दोनशेच्या वर शोधनिबंध आहेत.

आता कुष्ठरोगाकडे येते, कारण मला स्वतःला सगळ्यात जास्त हाच भाग भिडला.

आमचं मूळ गाव मुरबाड तालुक्यात. लहानपणी सुट्टीत तिथे गेलं की गावाच्या टोकाला एक म्हातारे बाबा दिसायचे. बोटं झिजलेली, वेगळ्या ताटात जेवायचे, विहिरीवर त्यांना कोणी येऊ देत नसे. आजी आम्हाला तिकडे फिरकू द्यायची नाही. त्यांना महारोग आहे, एवढंच सांगायची. आता आशाताई घरोघर येऊन अंगावर फिकट, बधिर चट्टा आहे का विचारतात, गोळ्यांची पाकिटं प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळतात, सहा महिने किंवा वर्षभर घेतली की रोग जातो. पण ही तीन औषधांची एकत्र पद्धत आली १९८० च्या दशकात. त्या बाबांची बोटं त्याच्या आधीच गेली असणार. भारताने २००५ च्या डिसेंबरमध्ये दहा हजारात एकापेक्षा कमी रुग्ण हे लक्ष्य गाठलं, म्हणून रोग संपला असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात आजही जगातल्या नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून जास्त आपल्याच देशात सापडतात.

कुष्ठरोगाचा जंतू हॅन्सन यांनी १८७३ मध्येच पाहिला होता. तरी औषध-लस शोधायला इतका उशीर का? कारण हा जंतू लॅबमध्ये वाढतच नाही! साधा ई-कोलाय वीस मिनिटांत एकाचा दोन होतो. हा पठ्ठ्या एकाचे दोन व्हायला बारा-चौदा दिवस घेतो, आणि तेही फक्त जिवंत शरीरात. वाढवता येत नाही म्हणजे त्याच्यावर प्रयोग करता येत नाहीत. आपल्या भाषेत सांगायचं तर सर्किट हातात आहे पण टेस्ट करायला बेंचच नाही.

कमलताई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विचार केला तो असा. हा जंतू माणसाच्या मज्जातंतूंत जाऊन राहतो, म्हणूनच चट्टा बधिर होतो. मग त्याला वाढवायचं तर मज्जातंतूंच्या पेशीच दिल्या पाहिजेत. टिश्यू कल्चर त्यांना येतच होतं. त्यांनी मानवी गर्भाच्या कण्यालगतच्या मज्जागाठींतल्या पेशी वाढवल्या आणि त्यांच्या सोबतीला कुष्ठरुग्णांकडून घेतलेले जंतू ठेवले. १९५८ मध्ये बापट, रणदिवे आणि खानोलकर यांनी जाहीर केलं की त्यात जंतू वाढले. संस्थेच्या नावावरून त्याला आयसीआरसी बॅसिलस म्हणतात.

इथे एक गोष्ट सरळ सांगायला हवी, कारण इंटरनेटवरच्या बऱ्याच लेखांत ती गाळलेली असते. हा जंतू म्हणजे खरोखर कुष्ठरोगाचाच जंतू, हे जगाने मान्य केलं नाही. तो त्याच्या चुलत्यांपैकी, म्हणजे त्याच वंशाच्या दुसऱ्या गटातला आहे, असं आज सर्वसाधारणपणे मानतात. कुष्ठरोगाचा जंतू आजतागायत कोणालाही काचेच्या नळीत वाढवता आलेला नाही. संशोधक त्याला उंदराच्या पावलात वाढवतात (हे १९६० मध्ये जमलं) किंवा आर्मडिलो नावाच्या खवल्यांच्या प्राण्यात (१९७१).

मग ते काम वाया गेलं का? नाही. तो चुलता कुष्ठरोगाच्या जंतूसारखा इतका दिसतो-वागतो की त्याला मारून लस बनवता येईल असं वाटलं. डॉ. म. गो. देव यांनी १९७९ च्या सुमारास ती बनवली. दक्षिण भारतात सुमारे १ लाख ७० हजार लोकांवर चार लसींची तुलना केली गेली, निकाल १९९८ मध्ये आला. आयसीआरसी लसीने सुमारे ६५ टक्के संरक्षण दिलं, नुसत्या बीसीजीच्या जवळजवळ दुप्पट. मला वाटतं हा हिशोब महत्त्वाचा आहे. दावा टिकला नाही, पण वस्तू कामाची निघाली. व्हायवाला असं उत्तर दिलं तर एक्स्टर्नल मार्क देईल की नाही माहीत नाही, पण विज्ञानात मिळतात.

आणि दुसरी गोष्ट. जंतूला मज्जातंतूच का आवडतात, हा कमलताईंच्या टीमने पकडलेला प्रश्न पुढे कसा सुटला? १९९७-९८ मध्ये अमेरिकेत अनुरा रंबुक्काना आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की मज्जातंतूला गुंडाळून बसणाऱ्या श्वान पेशींच्या पृष्ठभागावर डिस्ट्रोग्लायकन नावाचं एक प्रोटीन असतं, त्याच्यावर बाहेरून लॅमिनिन नावाचं दुसरं प्रोटीन बसलेलं असतं, आणि जंतू या लॅमिनिनला धरून पेशीला चिकटतो. म्हणजे दाराला कडी, कडीला कुलूप, आणि चोर कुलूप धरूनच आत शिरतो! रोग सुरू होतो तो या दारावरच्या प्रोटीन्सच्या भेटीगाठीतून.

आता या भेटीगाठी बघायच्या कशा? माझ्या सेमिनारचा हाच विषय होता, म्हणून जरा सविस्तर सांगते, कंटाळू नका. साध्या सूक्ष्मदर्शकातून सुमारे २०० नॅनोमीटरपेक्षा जवळच्या दोन वस्तू वेगळ्या दिसत नाहीत, कारण प्रकाशाची तरंगलांबीच आड येते. प्रोटीन तर पाच-दहा नॅनोमीटरचं. पण ते चमकायला लावलं तर? पेट्रोल पंपावर नोटा तपासायचा जांभळा दिवा असतो, त्याच्याखाली नोटेतला धागा कसा चमकतो, तेच हे फ्लोरोसन्स. एका रंगाचा प्रकाश घ्यायचा आणि जास्त तरंगलांबीचा दुसरा बाहेर टाकायचा. हा शब्द १८५२ मध्ये स्टोक्स यांनी दिला. १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला अल्बर्ट कून्स यांनी अँटिबॉडीला चमकणारा रंग जोडला. अँटिबॉडी तिच्या ठरलेल्या प्रोटीनलाच जाऊन चिकटते, त्यामुळे अंधारात फक्त तेवढंच प्रोटीन चमकतं.

तरीही दोन प्रोटीन एकमेकांना खरंच धरून आहेत की नुसती शेजारी उभी आहेत, हे कळत नाही. त्याची युक्ती थिओडोर फर्स्टर या जर्मन शास्त्रज्ञाच्या १९४० च्या दशकातल्या गणितात आहे. एका प्रोटीनला हिरवा रंग लावा, दुसऱ्याला लाल. हिरव्याला उत्तेजित करा. दोघं अगदी जवळ असतील तर हिरवा स्वतः चमकण्याऐवजी आपली ऊर्जा लालला देऊन टाकतो, मध्ये प्रकाश न सोडता. आपल्या ब्रँचच्या लोकांना हे लगेच कळेल. अँटेनाच्या निअर फिल्डमध्ये जसं कपलिंग होतं तसंच, वायरलेस चार्जरसारखं. फरक इतकाच की इथे परिणाम अंतराच्या सहाव्या घाताने कमी होतो. समजा पाच नॅनोमीटरवर निम्मी ऊर्जा जाते, तर दहा नॅनोमीटरवर जेमतेम दीड टक्का. म्हणजे लाल चमकला की समजायचं, दोघं खरंच हातात हात घालून आहेत. आपल्या देशातही हे काम झालंय. आयआयटी मुंबईत शिकलेले सत्यजित मेयर आणि त्यांचे विद्यार्थी रजत वर्मा यांनी १९९८ मध्ये बंगळूरच्या एनसीबीएसमध्ये अशाच ऊर्जेच्या देवाणघेवाणीवरून दाखवलं की पेशीच्या पृष्ठभागावरची काही प्रोटीन्स विखुरलेली नसून छोटे छोटे घोळके करून राहतात.

कमलताईंच्या स्तनांच्या कॅन्सरलाही हे लागू होतं. साधारण १५ ते २० टक्के रुग्णांमध्ये पेशीच्या पृष्ठभागावर हर-टू नावाचं प्रोटीन फार जास्त असतं. ही प्रोटीन्स जोड्या जमवतात आणि पेशीला वाढ, वाढ असा सिग्नल देत राहतात. त्याला रोखणारं औषध १९९८ मध्ये आलं. आता रुग्णाला ते द्यायचं की नाही हे ठरवायच्या एका चाचणीत जीनला चमकणारा रंग लावून फ्लोरोसन्स सूक्ष्मदर्शकाखाली ठिपके मोजतात. कमलताईंनी काम सुरू केलं तेव्हा यातलं काहीच माहीत नव्हतं. पण यातला जवळजवळ प्रत्येक प्रयोग करायला आधी पेशी शरीराबाहेर जिवंत ठेवता याव्या लागतात, आणि ती सोय आपल्याकडे त्यांनी केली.

मानसन्मान भरपूर मिळाले, ते पटकन सांगते. १९६४ मध्ये मेडिकल कौन्सिलचा रौप्यमहोत्सवी संशोधन पुरस्कार, त्याच वर्षी कुष्ठरोगाच्या कामासाठी वाटूमल पुरस्कार, १९८२ मध्ये पद्मभूषण. पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते १९७३ चं काम. त्या वर्षी त्यांनी काही सहकारी मैत्रिणींबरोबर इंडियन वुमेन सायंटिस्ट्स असोसिएशन काढली. वाशीला या संस्थेची इमारत आहे, तिथे नोकरी करणाऱ्या मुलींसाठी हॉस्टेल आणि लहान मुलांसाठी पाळणाघर आहे. बघा, शास्त्रज्ञ बायकांच्या संस्थेने पाळणाघर चालवलं! ज्याला लॅबमध्ये मूल सांभाळायची अडचण कधी आली नाही त्याला हे सुचणार नाही. आपल्या वर्गात मुली किती आणि त्यातल्या नोकरी टिकवणाऱ्या किती, हा हिशोब प्लेसमेंट सेलने कधी काढलाय का?

निवृत्तीनंतर बहुतेक लोक पुस्तकं लिहितात. कमलताई डोंगरात गेल्या. अकोले तालुक्यातल्या राजूर इथे सत्यनिकेतन ही संस्था आहे. तिच्या मदतीने त्यांनी आदिवासी मुलांच्या पोषणाची माहिती गोळा केली, गावातल्या बायकांना आरोग्यसेविकेचं प्रशिक्षण दिलं, आहाराबद्दल शिकवलं. खेड्यातल्या बायकांचा कॅन्सर लवकर कसा ओळखता येईल हेही त्यात होतं. ज्या बाईने आयुष्यभर पेशी पाहिल्या तिने शेवटी मुलांची वजनं-उंची मोजली.

अकोले तालुका म्हणजे कुठे, तर आपल्या अगदी डोक्यावर! जिल्हा अहमदनगर, आता अहिल्यानगर, म्हणून लांब वाटतो. पण शहापूरच्या डेहण्यातून आजोबाचा डोंगर दिसतो त्याच्या पलीकडे अकोले. मुरबाडच्या बेलपाड्यात उभं राहून वर बघा, तो हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा अकोल्यात. सांदण दरीत आपली पोरं दर हिवाळ्यात ट्रेकला जातात, ती दरी सुरू होते अकोल्याच्या साम्रदला आणि उतरते शहापूरकडे. कड्याच्या वर महादेव कोळी आणि ठाकर वस्त्या, कड्याच्या खाली पण त्याच, शिवाय कातकरी. सोयरीकही वर-खाली चालते. भाताचे दिवस संपले की घाटाखालची माणसं वीटभट्टीवर आणि रेतीवर जातात, मुलं बरोबर नेतात, शाळा आणि अंगणवाडी दोन्ही सुटतात. वरच्या मुलांच्या ताटात जे कमी होतं ते खालच्या मुलांच्या ताटातही कमीच आहे.

कमलताई ११ एप्रिल २००१ रोजी गेल्या. त्यांच्या जुन्या संस्थेचा संसार दुसऱ्या वर्षी खारघरला हलला, आता तिला ॲक्ट्रेक म्हणतात. तिथे आज लेझरवर चालणारे कॉन्फोकल सूक्ष्मदर्शक आहेत, ज्यांचे डिटेक्टर आणि सिग्नल प्रोसेसिंग चालवायला आपल्या ब्रँचची माणसं लागतात. सेमिनारमध्ये हे सांगितल्यावर आमच्या बॅचमधल्या दोघांनी इंटर्नशिपचा अर्ज भरलाय.

राजूरला जायला आपल्याकडून सरळ रस्ता नाही, मध्ये कडा आहे. कसारा घाट चढून इगतपुरी, घोटी, तिथून भंडारदऱ्याच्या रस्त्याने पुढे. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघी जाणार आहोत.